डोळ्यांची लाली आणि थेंबांचे औषध



अशा व्यासपीठावर अधिकारी माणसाने बोलावे अशी आपली समजूत असते, आणि ती योग्यच आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, कोर्टाच्या व्हरांड्यात आणि इस्पितळाच्या बाकावर. ऊसतोडणी मजूर आणि ओतकामाच्या कारखान्यांतील कामगार यांच्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा चालकांनी विषय विचारला, तेव्हा त्यांना वाटले की आम्ही वेतनावर बोलू किंवा संपावर बोलू. आम्ही सांगितले, डोळ्यांत घालण्याच्या थेंबांवर बोलायचे आहे. ते थोडे गोंधळले. आमचे या थेंबांशी एक जुने देणे आहे, आणि ते फेडल्याशिवाय आम्हांला दुसऱ्या विषयावर बोलता येणार नाही. ते देणे कोणते, हे ओघाने सांगू.

प्रथम डोळा लाल होतो म्हणजे काय होते, ते पाहू. शरीरावर कुठेही इजा झाली, जंतू शिरला, परकी वस्तू घुसली, की तेथील रक्तवाहिन्या फुगतात, रक्त धावून येते, पांढऱ्या पेशी गोळा होतात. याला दाह म्हणतात. सेल्सस नावाच्या रोमन ग्रंथकाराने सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी दाहाची चार लक्षणे लिहून ठेवली: लाली, सूज, उष्णता आणि वेदना. ती आजही वैद्यकाच्या विद्यार्थ्याला पाठ करावी लागतात. आम्ही युनियनवाले हीच गोष्ट आमच्या भाषेत समजून घेतो. दाह म्हणजे शरीराचा संप. काहीतरी बिघडले आहे म्हणून माणसे कामाची जागा सोडून फाटकाशी जमली आहेत. फाटकाशी जमलेली गर्दी हा मूळ आजार नव्हे. मूळ तक्रार आत, कारखान्यात आहे.

पण संपालाही मर्यादा असते, हेही आम्ही अनुभवाने जाणतो. कधी कधी गर्दीच हाताबाहेर जाते आणि ज्या कारखान्यावर सर्वांचे पोट, त्याच कारखान्याला आग लागते. डोळ्याच्या बाबतीत हा धोका फार मोठा आहे. पायाला सूज आली, चार दिवसांनी उतरली, पाय पूर्ववत झाला. डोळ्याचे तसे नाही. त्याची पुढची काच, जिला डॉक्टर कॉर्निया म्हणतात, ती पारदर्शक आहे म्हणून आपल्याला दिसते. तिच्यावर वण राहिला की आपल्याकडे म्हणतात, डोळ्यात फूल पडले. त्या फुलातून उजेड जात नाही. म्हणूनच डोळ्याचा दाह कधी शांत करावा लागतो आणि त्यासाठीच हे थेंब निघाले.

या थेंबांची दोन घराणी आहेत. पहिले घराणे स्टेरॉइडचे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी सांधेदाहाने जखडलेल्या एका बाईला कॉर्टिझोन दिले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. केंडॉल आणि राइशस्टाइन या रसायनशास्त्रज्ञांसह हेंच यांना १९५० साली नोबेल पारितोषिक मिळाले. लगोलग डोळ्यांच्या डॉक्टरांनीही ते औषध हाती घेतले. आज प्रेडनिसोलोन, डेक्झामेथाझोन, बीटामेथाझोन, फ्लुरोमेथोलोन, लोटेप्रेडनॉल या नावांनी जे थेंब मिळतात ते सारे याच कुळातले.

दुसरे घराणे ॲस्पिरिनच्या नात्यातले. ॲस्पिरिन १८९९ पासून बाजारात होते, पण ते दाह कसा कमी करते हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले. शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात, ती लाली, सूज, वेदना वाढवतात. ॲस्पिरिन त्यांची घडणच थांबवते. या कामाबद्दल व्हेन यांना बर्गस्ट्रॉम आणि सॅम्युएलसन यांच्याबरोबर १९८२ साली नोबेल मिळाले. केटोरोलॅक, डायक्लोफिनॅक, फ्लर्बिप्रोफेन, नेपाफिनॅक, ब्रोमफिनॅक हे थेंब या घराण्यातले.

दोघांत फरक काय? शेतकऱ्याला सहज कळेल असा आहे. पेशीच्या आवरणातील चरबीतून एक आम्ल सुटते आणि पुढे त्याच्यापासून ही दाहक द्रव्ये बनतात. हा एक कालवा आहे असे धरा. स्टेरॉइड धरणाचाच दरवाजा पाडते, त्यामुळे खालच्या साऱ्या चाऱ्या कोरड्या पडतात. दुसऱ्या घराण्याचे औषध खाली येऊन एक चारी बंद करते. म्हणून स्टेरॉइड जास्त जोरकस आणि जास्त धोक्याचे. दुसरे त्या मानाने सौम्य. सौम्य म्हणजे निरुपद्रवी मात्र नव्हे. १९९९ साली अमेरिकेत डायक्लोफिनॅकच्या एका थेंब-औषधानंतर काही रुग्णांच्या डोळ्याची काच विरघळू लागल्याचे आढळले आणि ते औषध बाजारातून मागे घ्यावे लागले. ज्यांचे डोळे फार कोरडे, ज्यांना मधुमेह, ज्यांच्या काचेवर आधीच इजा, त्यांनी विशेष जपावे असे तेव्हापासून सांगितले जाते.

आता या औषधांचे उपकार सांगतो, कारण उपकार न सांगता नुसते दोष सांगणे हा कृतघ्नपणा होईल. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया आपल्यापैकी अनेकांच्या घरी झाली असेल. शस्त्रक्रियेच्या वेळी बाहुली मोठी राहावी लागते. तिने आकसू नये म्हणून दुसऱ्या घराण्याचे थेंब आधी घालतात. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे, दिवसातून अमुक वेळा, मग कमी, मग आणखी कमी, असे स्टेरॉइडचे थेंब घालतात. डोळ्याच्या मागच्या पडद्याला कधी कधी महिना-दीड महिन्याने सूज येते, मधुमेह्यांना अधिक; ती टाळण्यासाठी पुन्हा दुसऱ्या घराण्याची मदत होते. आईच्या डोळ्यात हे थेंब घालताना कंटाळू नका. आणि लाली गेली म्हणून मधेच बंद करू नका. हे औषध एकदम तोडले तर दाह दुप्पट जोराने उसळू शकतो; ते पायरी-पायरीने उतरवायचे असते.

दुसरा उपकार आमच्या स्वतःवरचा. २०१० साली आमचा उजवा डोळा लाल झाला, उजेड सोसवेना, कपाळ ठणकू लागले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहून सांगितले की, बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याला दाह झाला आहे. तो पडदा आतल्या भिंगाला चिकटला तर कायमचे नुकसान. त्यांनी प्रेडनिसोलोनचे थेंब तासातासाला घालायला सांगितले आणि बाहुली मोठी करणारे दुसरे थेंब जोडीला दिले. दीड महिन्यात डोळा पूर्ववत झाला. ज्या औषधाला आज आम्ही नावे ठेवणार आहोत, त्याच औषधाने आमचा डोळा वाचवला. अर्धी बाटली उरली. ती आम्ही कचेरीच्या कपाटात जपून ठेवली. गरिबाला उरलेले औषध फेकवत नाही.

आता ते देणे.

२०११ च्या गळीत हंगामात बीड जिल्ह्यातून आलेल्या एका टोळीतला पंचविशीचा जवान कचेरीत आला. फडात वाकून मोळी उचलताना उसाच्या पात्याने डोळा कापला होता. ज्यांनी ऊस हाताळला आहे त्यांना ठाऊक आहे की पात्याची कड करवतीसारखी असते. डोळा लाल, पाणी गळत होते. आम्ही म्हटले, इस्पितळात जा. तो म्हणाला, "अण्णा, खाडा पडतो. दोघांचा मिळून एक कोयता. म्या बसलो तर बायको बी बसती. उचल कशी फिटायची?"

त्याचे म्हणणे खरे होते. मुकादमाची उचल, टनावरची मजुरी आणि एका दिवसाचा खाडा यांचे गणित आम्ही भाषणांतून शेकडो वेळा मांडले होते. आम्ही कपाट उघडले आणि ती अर्धी बाटली त्याच्या हातात दिली. आम्ही म्हणालो, "आमचा डोळा यानेच वाचला."

चार दिवसांनी तो पुन्हा आला. लाली उतरली होती, ठणका कमी होता. "लई गुण आला, अण्णा. बाटली सरली. आणखी हाय का?" आम्हांला धन्य वाटले. आम्ही औषधाचे नाव कागदावर लिहून दिले आणि त्याने ते दुकानातून आणले. चिठ्ठी कोणी मागितली नाही.

पुढे काय झाले ते आता समजून घ्या, कारण हेच आजच्या भाषणाचे मर्म आहे. झाडाच्या, पिकाच्या पानाने डोळ्याला इजा होते तेव्हा पुष्कळदा त्या जखमेत बुरशी शिरते. बुरशी म्हणजे भाकरीवर येते तसलीच. तिच्या फ्युसेरियम आणि ॲस्परजिलस या जाती आपल्या देशात शेतमजुरांच्या डोळ्यांत वारंवार सापडतात. ती हळूहळू वाढते. तिला अडवणारे एकच सैन्य असते, ते म्हणजे शरीराच्या पांढऱ्या पेशी. त्या जमल्या की डोळा लाल होतो. आम्ही दिलेल्या थेंबांनी ते सैन्य परत बोलावले. लाली गेली, वेदना गेली, आणि बुरशीला रान मोकळे मिळाले. गडी समाधानाने ऊस तोडत होता आणि आत काच पोखरली जात होती. पंधरा दिवसांनी काचेवर पांढरा डाग दिसला. सरकारी इस्पितळात नेले तोपर्यंत काचेला भोक पडले होते. डोळा गेला.

आम्ही पुढे पुस्तके चाळली, डॉक्टरांना विचारले. या औषधाचे चार मोठे धोके आम्हांला समजले. पहिला हा बुरशीचा. दुसरा हर्पिस विषाणूचा: त्याने काचेवर झाडाच्या फांदीसारखी जखम होते, वरून डोळा साधाच लाल दिसतो, आणि स्टेरॉइड पडले की ती फांदी नकाशासारखी पसरते. तिसरा काचबिंदूचा: महिनोन् महिने थेंब घातले तर साधारण तीन माणसांत एकाच्या डोळ्यातील दाब वाढतो, आणि थोड्यांचा फारच वाढतो. त्यात दुखत नाही. नजर कडेकडून आत मरत येते आणि गेलेली परत येत नाही. चौथा मोतीबिंदूचा, तो तरुणपणीही येतो. जंतूंच्या जखमेवर प्रतिजैविकासह स्टेरॉइड द्यावे की नाही, यावर मुख्यतः अरविंद नेत्र रुग्णालयांत ५०० रुग्णांवर मोठी चाचणी झाली. तिचा निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाला: तीन महिन्यांनी पाहता एकंदरीत नजरेत फरक पडला नाही. प्रयोगशाळेत जंतू तपासून, रोज डोळा पाहणाऱ्या तज्ज्ञांच्या हातीही जेथे खास लाभ दिसला नाही, तेथे आमच्यासारख्याने कपाटातून बाटली काढून देणे म्हणजे काय झाले, याचा विचार आपणच करा.

नुकसानभरपाईचे प्रकरण उभे राहिले. १९२३ च्या कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर लिहिलेले होते: डोळाच गेला आणि दुसरा शाबूत असेल तर शेकडा ४० कमाईक्षमता गेली; बुबुळ राहिले पण नजर गेली तर शेकडा ३०. हे आकडे आम्हांला तोंडपाठ होते. समोरच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: डोळा पानाने गेला की औषधाने? आणि औषध कोणी दिले? आम्ही त्याच मजुराच्या बाजूचे साक्षीदार होतो. आम्ही उभे राहून सांगितले, औषध आम्ही दिले. शेवटी तडजोड झाली, रक्कम सांगण्यासारखी नाही. बाहेर आल्यावर तो आमची समजूत घालू लागला, "अण्णा, तुमी काय वाईट म्हणून दिलं व्हतं का?" त्या दिवसापासून हा विषय आम्ही मनावर घेतला.

हे फक्त फडातले दुखणे नव्हे. आपण वसंतात जमलो आहोत, आणि वैद्यकात वसंताच्या नावाचा एक नेत्ररोग आहे. लहान मुलांना, त्यांतही मुलग्यांना, उन्हाळ्याच्या तोंडाला डोळ्यांची भयंकर खाज सुटते, चिकट दोरीसारखा स्राव येतो, पोर डोळे चोळचोळून बेजार होते. ही ॲलर्जी आहे. बहुधा वयात येताच ती आपोआप जाते. डॉक्टर एकदा आठवडाभर स्टेरॉइडचे थेंब लिहून देतात, पोराला आराम पडतो. पुढल्या वेळी आई ती रिकामी बाटली दुकानात दाखवते आणि तसलीच दुसरी आणते. असे तीन तीन, चार चार वर्षे चालते. खाज वयाबरोबर जाते आणि मागे राहतो काचबिंदू. आजार सोडून गेला, औषधाने आंधळे केले, अशी ही गोष्ट आहे. खाजेसाठी ओलोपॅटाडीनसारखे सौम्य थेंब आहेत, गार पाण्याची घडी आहे, हट्टी रोगासाठी तज्ज्ञांकडे स्टेरॉइडवाचून चालणारी दुसरी औषधेही आहेत.

साथीत डोळे येतात त्यांचेही तसेच. २०२३ च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली तेव्हा काळ्या चष्म्यांबरोबर थेंबांच्या बाटल्याही घरोघर गेल्या. ती साथ बहुधा विषाणूची असते आणि आठ-पंधरा दिवसांत आपली आपण ओसरते. हात धुणे, टॉवेल वेगळा ठेवणे, डोळ्याला हात न लावणे, हा तिचा खरा उपचार.

ओतकाम आणि फॅब्रिकेशनमधील आमच्या कामगारांना वेगळे सांगणे आहे. वेल्डिंगच्या झोताने डोळा भाजतो तो लगेच कळत नाही. सहा-आठ तासांनी, मध्यरात्री, डोळ्यात वाळू भरल्यासारखे होते. तेव्हा डोळा बधिर करणारे थेंब मिळवून घालणारे आम्ही पाहिले आहेत. बधिर डोळ्याला जखम कळत नाही आणि त्या थेंबांनी काच भरून येणेही थांबते. ग्राइंडरचा कण गेला तर काडीने, रुमालाच्या टोकाने सोबत्याकडून काढून घेऊ नका. इस्पितळात एक नारिंगी रंगाची पट्टी डोळ्याला लावतात आणि निळ्या उजेडात पाहतात. जखम असेल तर हिरवी चमकते. पाच मिनिटांची तपासणी आहे. स्टेरॉइडचा थेंब घालावा की घालू नये, हा निर्णय या पाच मिनिटांत होतो. दुकानाच्या काउंटरवर तो होऊ शकत नाही.

कायदा काय म्हणतो? १९४५ च्या औषध नियमांच्या एच परिशिष्टात ही औषधे आहेत. नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत, आणि डोळ्यांच्या औषधांना त्यातून सूट नाही. वेष्टनावर तांबडी रेघ असते. ती रेघ वाचायला शिका. नावाच्या शेवटी 'डी' किंवा 'डेक्स' अशी शेपटी दिसली तर आत स्टेरॉइड आहे का, असे विचारा. विचारायला लाजू नका. वेतनाची पावती वाचायला आपण लाजत नाही.

आणि डॉक्टरने दिलेच तर घालावे कसे? हात धुवावेत. बाटलीवर हलवण्याची सूचना असेल तर ती चांगली हलवावी, नाहीतर औषध तळाशी राहते आणि आपण नुसते पाणी घालतो. खालची पापणी ओढून तिच्या खळग्यात एकच थेंब सोडावा, बाटलीचे तोंड डोळ्याला लावू नये. एकच का? बाटलीतला थेंब ३० ते ५० मायक्रोलिटरचा असतो आणि डोळ्यात फार तर ३० मावतात. दुसरा थेंब गालावरून ओघळतो, म्हणजे पैसाच ओघळतो. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिट-दोन मिनिटे दाबून धरावा. दुसरे औषध असेल तर पाच मिनिटांनी घालावे. उघडलेली बाटली साधारण चार आठवड्यांनी टाकून द्यावी. आणि उरलेली बाटली कपाटात ठेवू नये. ती कोणालाही देऊ नये, प्रेमाने तर मुळीच देऊ नये.

एवढे सांगून आम्ही खाली बसलो तर दोष सगळा अज्ञानाचा ठरेल, आणि ते अर्धसत्य होईल. तो जवान इस्पितळात गेला नाही तो अडाणीपणामुळे नव्हे. त्याला खाडा परवडत नव्हता. ज्याला आजारपणाची भरपगारी रजा नाही, त्याला उद्या सकाळी कामावर उभे करणारे औषधच चांगले वाटणार. स्टेरॉइडचा थेंब नेमके तेच करतो. म्हणून आमच्या युनियनने मागण्यांच्या यादीत तीन गोष्टी घातल्या आहेत: फडात प्रत्येक मजुराला डोळ्यांवर संरक्षक चष्मा, डोळ्याला इजा झाली तर तपासणीच्या दिवसाचा खाडा माफ, आणि तळावर आठवड्यातून एकदा डोळे तपासणारा जाणकार माणूस. कारखान्यांसाठी १९४८ च्या कायद्याने ३५व्या कलमात चष्म्यांची तरतूद केली होती. उसाचा फड हा कारखान्याचाच पहिला खाता आहे, मग तेथे चष्मा का नको?

तो जवान आता तोडीला येत नाही. गावी शेळ्या राखतो. दिवाळीनंतर टोळी उतरते तेव्हा त्याचा धाकटा भाऊ येतो. एका वर्षी त्याच्या हाती निरोप आला: "अण्णांना इचार, चष्मे मिळाले का?" काही फडांवर मिळाले आहेत. सगळीकडे मिळालेले नाहीत. जेथे मिळाले तेथेही घामाने धुरकटतात म्हणून गडी काढून ठेवतात, तेव्हा चांगले मिळवावे लागतील. पुढल्या दिवाळीला त्याला याहून बरे उत्तर द्यावे अशी आमची इच्छा आहे. आपण सुशिक्षित मंडळी आहात; या मागणीला आपला आवाज मिळाला तर ते लवकर होईल.